रिव्हर्स प्रॉक्सीमागे राउंडक्यूब: खरे आयपी दिसायला लागले आणि लॉगिनच बंद पडलं

सावदा_पॅकहाउस

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट माहिती दिली तर तुमचाच वेळ जाईल, म्हणून सगळं मांडतो.

सावद्याला (ता. रावेर) आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. केळी पॅकहाउसला धुऊन, फण्या करून खोक्यात भरतात, रीफर कंटेनरने न्हावाशेव्याला जातात आणि तिथून आखातात. मी तिथला हिशेब बघतो आणि मेल सर्व्हरही मीच बघतो. मेल आम्ही मुद्दाम स्वतःकडे ठेवलाय. खरेदीदाराशी ठरलेला भाव, कंटेनरच्या तापमानाचा तक्ता, फायटो सर्टिफिकेट (माल रोगकिडींपासून मुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाजाची मालपावती), सगळं त्यातच असतं. माल तिकडे पिकून निघाला म्हणून दावा आला की हीच कागदं काढावी लागतात. सभासद शेतकऱ्याचे पैसे त्यावर अडतात, म्हणून हा सर्व्हर नीट चालणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता रचना. ऑफिसच्या मागच्या खोलीत डेबियन १२ चं एक मशीन. त्यावर पोस्टफिक्स (मेल पाठवतं-घेतं), डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळतं), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम आणि राउंडक्यूब १.६ (ब्राउझरमधून मेल बघायचं). लाइन फायबरची आहे, पण सीजीनॅटमागे, स्वतःचा पब्लिक आयपी नाही. म्हणून मुंबईतला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय, तोच आमचा रिव्हर्स प्रॉक्सी: बाहेरची विनंती घेऊन ऑफिसकडे पाठवतो. तिथे एनजिनएक्स आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट. टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) तिथेच संपतं. व्हीपीएस ते ऑफिस वायरगार्डचा बोगदा, व्हीपीएसचं टोक १०.८.०.१ आणि ऑफिसचं १०.८.०.२. बोगद्यातून साधं एचटीटीपी. बाहेर जाणारे मेलही व्हीपीएसवरच्या पोस्टफिक्समधूनच जातात, कारण ऑफिसच्या लाइनवर पोर्ट २५ बंद आहे आणि पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) व्हीपीएसच्या आयपीलाच लावता येतं.

झालं असं. रावेर-यावल पट्ट्यात बागा बघणाऱ्या आमच्या एका माणसाने मोबाइलवरून पासवर्ड चुकीचा टाकला, पुन्हा पुन्हा टाकला. फेल-टू-बॅनने (चुकलेली लॉगिन बघून तो आयपी अडवणारा प्रोग्राम) बंदी घातली ती थेट १०.८.०.१ ला. म्हणजे बाहेरून येणारे सगळेच बाद. लॉगमध्ये ओळ अशी होती (माणसाचा आयपी इथे बदललाय):

फेल्ड लॉगिन … फ्रॉम १०.८.०.१(एक्स-फॉरवर्डेड-फॉर: २०३.०.११३.४५)

फिल्टरने कंसाबाहेरचा पत्ता उचलला; खरा पत्ता कंसात होता, जो प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये कळवतो. म्हणून ऑफिसच्या एनजिनएक्सवर रिअल आयपी मॉड्यूल लावलं: सेट_रिअल_आयपी_फ्रॉम १०.८.०.१, आणि हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर. लॉगमध्ये लगेच खरे पत्ते दिसायला लागले. पण त्याच क्षणापासून बाहेरून ब्राउझर उघडला की 'या पानाने खूप वेळा रीडायरेक्ट केलं' एवढंच येतं.

राउंडक्यूबच्या कॉन्फिगमध्ये फोर्स_एचटीटीपीएस (साध्या एचटीटीपीने आलेल्याला एचटीटीपीएसवर पाठवतं) ट्रू आहे आणि प्रॉक्सी_व्हाइटलिस्टमध्ये १०.८.०.१ आहे. व्हीपीएसवरून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ विनंती एचटीटीपी की एचटीटीपीएस ते सांगणारा हेडर) जातोय, ते टीसीपीडंपने बोगद्यात बघितलंय. मग फोर्स_एचटीटीपीएस बंद करून यूज_एचटीटीपीएस चालू केलं. बाहेरचे लोक आत आले, पण पॅकहाउसमधली मंडळी बंद पडली! ते थेट १९२.१६८.१.२० वर एचटीटीपीने उघडतात. पासवर्ड टाकला की तेच लॉगिनचं पान परत येतं आणि वर विनंती अवैध असल्याचा लाल निरोप.

आणखी एक, कदाचित वेगळंच दुखणं: बाहेरून फायटोची स्कॅन जोडली की कधी कधी ४१३ एरर (विनंती फार मोठी) येतो.

कुणाला काही सुचतंय का?

---

भुसावळ_लोको

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डोमेन तसंच ठेवून एखाद्या मोठ्या कंपनीची मेल सेवा घ्या ना. महिन्याला थोडे पैसे जातील, पण हंगामात डोकेदुखी नको. मी दोन दुकानांचं असंच करून दिलंय आणि दोघंही सुखात आहेत.

---

सावदा_पॅकहाउस

@भुसावळ_लोको दुकानाला ते बरोबर आहे, दादा. आमच्याकडे खाती माणसागणिक नसून कामागणिक आहेत. पॅकहाउस, वजनकाटा, वाहतूक, प्रत्येक गावाचा गटप्रमुख अशी बरीच होतात आणि खात्यामागे भाडं धरलं की आकडा फुगतो. दुसरं म्हणजे, लाइन तुटली तरी पॅकहाउस ते ऑफिस मेल चालला पाहिजे. वादळात केळी आडवी होते तेव्हा फायबरही तुटलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच आतल्या आत यादी फिरवायची असते.

---

चोपडेकर

आधी रोग कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवू. व्हीपीएसवर बसून कर्लने (कमांडलाइनवरून वेब विनंती पाठवायचं साधन) थेट १०.८.०.२ ला दोनदा विचारा. होस्ट हेडर तुमच्या मेलच्या नावाचा. पहिल्यांदा फक्त एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो: एचटीटीपीएस पाठवा. दुसऱ्यांदा त्याच्या जोडीला एक्स-फॉरवर्डेड-फॉर मध्ये कुठलाही बाहेरचा आयपी द्या. दोन्ही वेळा स्टेटस, लोकेशनची ओळ आणि सेट-कुकीच्या शेवटी सिक्युअर आहे का, हे तिन्ही इथे लिहा. फोर्स_एचटीटीपीएस त्या वेळी चालू ठेवा, यूज_एचटीटीपीएस बंद.

आणि व्हीपीएसवरचे प्रॉक्सी_सेट_हेडर कुठे लिहिलेत ते पण बघा. सर्व्हर ब्लॉकमध्ये चार ओळी असतील आणि लोकेशन ब्लॉकमध्ये एकच जरी प्रॉक्सी_सेट_हेडर टाकला, तर त्या लोकेशनपुरत्या वरच्या चारही गळतात. एनजिनएक्स त्यांची बेरीज करत नाही. ह्यात लोकांचे दिवस गेलेले मी बघितलेत.

---

सावदा_पॅकहाउस

केलं. हेडर सगळे लोकेशनमध्येच आहेत, ते ठीक आहे. पण कर्लचं उत्तर बघून मी चक्रावलो.

फक्त प्रोटो पाठवला: २००, लॉगिनचं पान, कुकी सिक्युअर.
प्रोटो आणि फॉर दोन्ही पाठवले: ३०२ (रीडायरेक्ट), लोकेशन त्याच एचटीटीपीएस पत्त्यावर.

प्रोटो दोन्ही वेळा एकच. मग आयपीचा हेडर जोडल्याने एचटीटीपीएसची ओळख का पुसली जावी?

---

धुळे_टर्मिनल

राम राम भाऊ. तुम्हनं दुखणं माले वयखीचं शे. आमच्या जिनिंगच्या सर्व्हरला हेच झालं होतं. तुमच्या त्या दोन कर्लमध्येच उत्तर आहे.

राउंडक्यूब एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोवर आंधळा विश्वास ठेवत नाही. तो बघतो की विनंती ज्या पत्त्यावरून आली, म्हणजे पीएचपीतला रिमोट_ॲडर, तो प्रॉक्सी_व्हाइटलिस्टमध्ये आहे का. असेल तरच प्रोटो मानतो. रिअल आयपी मॉड्यूल लावायच्या आधी रिमोट_ॲडर होता १०.८.०.१. तो यादीत होता, सगळं सुरळीत होतं. मॉड्यूल लावल्यावर एनजिनएक्स पीएचपीला सांगतं की विनंती २०३.०.११३.४५ वरून आली. हा पत्ता तुमच्या यादीत कसा असेल? म्हणून राउंडक्यूब प्रोटोकडे बघतच नाही, ही विनंती साधी एचटीटीपी आहे असं धरतो आणि एचटीटीपीएसवर जा म्हणतो. ब्राउझर एचटीटीपीएसनेच आलेला असतो, तो परत त्याच दारात येतो. हा तुमचा फेरा.

पहिल्या कर्लमध्ये फॉरचा हेडर नव्हता, त्यामुळे मॉड्यूलला बदलायला काही मिळालं नाही, पत्ता १०.८.०.१ च राहिला आणि २०० आलं.

म्हणजे 'कोण आलं' हे एनजिनएक्स ठरवतंय आणि 'कसं आलं' हे राउंडक्यूब ठरवतोय, पण दुसरं ठरवायला राउंडक्यूबला पहिल्याचं जुनं उत्तर लागतं. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी ठरवा. दोन रस्ते आहेत.

एक, रिअल आयपी मॉड्यूल काढून टाका, यादी आहे तशी ठेवा आणि फेल-टू-बॅनचा फिल्टर कंसातला पत्ता उचलेल असा लिहा. चालतं. पण एनजिनएक्सचा लॉग, पीएचपीचा लॉग, उद्या बसवाल ते दुसरं काही, सगळीकडे १०.८.०.१ च दिसणार. मला हे पटत नाही.

दोन, मॉड्यूल ठेवा आणि एचटीटीपीएसची ओळखही एनजिनएक्सनेच पीएचपीला द्यावी. ऑफिसच्या एनजिनएक्समध्ये एक मॅप (एका किमतीवरून दुसरी ठरवणारा तक्ता) लिहा. मॉड्यूलने पत्ता बदलला तरी मूळ पत्ता $रिअलआयपी_रिमोट_ॲडर या व्हेरिएबलमध्ये शिल्लक असतो. तो आणि $एचटीटीपी_एक्स_फॉरवर्डेड_प्रोटो हे दोन्ही मध्ये अपूर्णविराम देऊन जोडा. जोडून '१०.८.०.१:एचटीटीपीएस' झालं तर किंमत 'ऑन', नाहीतर रिकामी. मग पीएचपीच्या लोकेशनमध्ये फास्टसीजीआय_परॅम एचटीटीपीएस ला ही किंमत द्या आणि शेवटी इफ_नॉट_एम्प्टी लिहायला विसरू नका. डेबियनच्या फास्टसीजीआयच्या फाइलीत एचटीटीपीएसची एक ओळ आधीपासून असते, पण ती $एचटीटीपीएस वर आहे आणि तुमच्या बोगद्यातून साधं एचटीटीपी येतं, त्यामुळे ती रिकामीच राहते. दोघींची भांडणं होत नाहीत.

पीएचपीला एचटीटीपीएस 'ऑन' मिळालं की राउंडक्यूब यादी बघायच्या आधीच समाधानी होतो. यूज_एचटीटीपीएस मग बंदच ठेवा.

मूळ पत्ता मॅपमध्ये घेण्याचं कारण: नुसता प्रोटो बघितला तर पॅकहाउसच्या वायफायवरचा कुणीही तो हेडर घालून पाठवू शकतो. आणि सेट_रिअल_आयपी_फ्रॉम मध्ये पूर्ण १०.०.०.० वगैरे रेंज कधीही टाकू नका, एकच आयपी.

---

मेहरूणची_लेक

धुळ्याच्या दादांनी गाठ बरोबर सोडवली. मी मूळची जळगावची, आता पुण्यात हेच काम करते. अजून दोन गोष्टी सांगते, कारण ह्या दोन्ही शांत राहतात आणि नंतर त्रास देतात.

पहिली. ज्यासाठी तुम्ही हा सगळा प्रपंच केला ती बंदी आता लागणारच नाही. फेल-टू-बॅन ऑफिसच्या मशीनवर २०३.०.११३.४५ ला फायरवॉलमध्ये अडवेल, स्टेटसमध्ये 'बॅन' म्हणून दिसेलही. पण त्या माणसाचं पॅकेट ऑफिसला येतं ते १०.८.०.१ वरून, बोगद्यातून. फायरवॉल पॅकेटवरचा पत्ता बघते, हेडरमधला नाही. म्हणजे चोर मुंबईच्या फाटकातून आत येतोय आणि त्याचा फोटो सावद्याच्या फाटकावर लावलाय. अडवायचं तर व्हीपीएसवर अडवा.

सोपा उपाय व्हीपीएसच्या एनजिनएक्समध्ये लिमिट_रेक (एका किल्लीमागे ठराविक वेळात किती विनंत्या घ्यायच्या ते बांधतं) हा आहे. राउंडक्यूबचं लॉगिन _टास्क=लॉगिन या पत्त्यावर पोस्टने जातं. पद्धत पोस्ट आणि टास्क लॉगिन असेल तरच किल्ली म्हणून $बायनरी_रिमोट_ॲडर, एरवी रिकामी, असा मॅप करून त्यावर झोन बांधा. किल्ली रिकामी असली की एनजिनएक्स ती विनंती मोजत नाही, त्यामुळे बाकी मेल वाचण्यावर परिणाम नाही. मिनिटाला पाच-सहा आणि थोडा बर्स्ट पुरे. शिवाय राउंडक्यूबचं स्वतःचं लॉगिन_रेट_लिमिट आहे, न बदलता मिनिटाला ३ चुकलेले प्रयत्न. तुमच्या बागवाल्या माणसाला तेवढं पुरेसं आहे, सगळ्यांना बाहेर काढायची गरज नाही.

दुसरी. आयपी_चेक ट्रू आहे का ते बघा. मुळात ते बंद असतं, पण जुन्या कॉन्फिगमध्ये लोक सुरक्षेसाठी चालू करून ठेवतात. ते चालू असेल तर सेशन माणसाच्या आयपीला बांधलं जातं.  मोबाइलवर वायफाय सोडून डेटावर गेलं की आयपी बदलतो आणि सेशन संपतं. अर्धा लिहिलेला मेल जातो.

आणि दादा, आवृत्ती तपासा. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधलं एक गंभीर भगदाड बुजवलं गेलं, सीव्हीई-२०२५-४९११३. लॉगिन मिळालेल्या कुणालाही सर्व्हरवर कोड चालवता येत होता. टारबॉलमधून (मूळ प्रकल्पाची फाइल उतरवून) बसवलं असेल तर १.६.११ किंवा पुढचं हवं. डेबियनचं पॅकेज असेल तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ते जुन्याच आकड्यात दुरुस्ती घालून देतात; सिक्युरिटी अपडेट लागलंय एवढं बघा. एका गावच्या गटप्रमुखाचा पासवर्ड फुटला तरी पूर्ण मशीन जाऊ शकतं, म्हणून हे आजच करा.

---

सावदा_पॅकहाउस

धुळ्याच्या भाऊंचा मॅप लावला. कर्लचे दोन्ही प्रकार आता २०० देतात आणि दोन्हीकडे कुकी सिक्युअर. बाहेरचे सगळे आत आले. फोर्स_एचटीटीपीएस पुन्हा चालू आहे.

ताई, आयपी_चेक खरंच ट्रू होतं. बंद केलं. लिमिट_रेक व्हीपीएसवर लावलं, मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकत राहिलो तर काही वेळाने ५०३ (सर्व्हरचा नकार) आला, तेव्हा समाधान वाटलं. राउंडक्यूब पॅकेजचंच आहे आणि अपडेट लागलेलं आहे.

राहिला पॅकहाउसचा प्रश्न. ते अजून १९२.१६८.१.२० वरच जातात आणि आता फोर्स_एचटीटीपीएस त्यांना एचटीटीपीएसवर ढकलतं, जिथे ऑफिसच्या मशीनवर काहीच ऐकत नाही. त्यांना व्हीपीएसवरून फिरवून आणलं तर लाइन तुटल्यावर मेल बंद, आणि तेच मला नकोय.

---

चोपडेकर

आधी त्या लाल निरोपाचं कारण सांगतो, म्हणजे उपाय पटेल. यूज_एचटीटीपीएस चालू असताना राउंडक्यूब प्रत्येक कुकीवर सिक्युअर शिक्का मारतो. साध्या एचटीटीपीच्या पानावरून आलेली सिक्युअर कुकी ब्राउझर ठेवूनच घेत नाही. पासवर्ड पाठवताना सेशनच नसतं, म्हणून विनंती अवैध. पॅकहाउसवाले काही चुकत नव्हते.

उपाय एकच: सगळ्यांनी एकाच नावाने यायचं. ऑफिसच्या राउटरवर किंवा त्या डेबियनवर डीएनएसमॅस्क (छोटा डीएनएस सर्व्हर) चालवा आणि मेलच्या नावाचं उत्तर आतल्यांना १९२.१६८.१.२० द्या. बाहेरच्यांना तेच नाव व्हीपीएसवर जाईल. ऑफिसच्या एनजिनएक्सवर त्याच नावाचं सर्टिफिकेट घालून ४४३ चालू करा. तिथे $एचटीटीपीएस आपोआप ऑन असतं, मॅपची गरज पडत नाही.

सर्टिफिकेटसाठी ऑफिसवर पोर्ट ८० उघडायची गरज नाही. डीएनएसमधून पडताळणी करता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर व्हीपीएसवरचंच सर्टिफिकेट बोगद्यातून कॉपी करा, पण हाताने नको. ते ९० दिवसांत संपतं, आणि ऐन कापणीत संपलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (सर्टिफिकेट नवं झालं की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) कॉपी आणि ऑफिसच्या एनजिनएक्सचं रीलोड दोन्ही टाका. फोनवर प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर तो फोन राउटरला विचारणारच नाही, तेवढं बघा.

४१३ चं: एनजिनएक्सची क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ न लिहिता १ एमबी असते. ती दोन्ही एनजिनएक्सवर वाढवावी लागेल, एकावर वाढवून भागत नाही. पुढे पीएचपीत अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी आणि पोस्टची ८.

---

सावदा_पॅकहाउस

झालं, भो. डीएनएसमॅस्क राउटरवर लावलं, सर्टिफिकेट हुकमधून येतंय. फायबरची केबल काढून पॅकहाउसच्या टॅबवरून ऑफिसला मेल पाठवला आणि तो पोचला. एका पोराच्या फोनवर प्रायव्हेट डीएनएस चालू होतं, तेवढं बंद करावं लागलं.

४१३ गेला, पण त्यामागे अजून एक भिंत होती, ती इथे लिहून ठेवतो कारण शोधताना कुणाला तरी लागेल. दोन्ही एनजिनएक्सवर आणि पीएचपीत २५ एमबी केलं. साडेसात एमबीची फायटोची स्कॅन जोडली गेली, 'पाठवा' म्हटल्यावर मात्र एसएमटीपीचा एरर. पोस्टफिक्सची मेसेज_साइझ_लिमिट मुळात १,०२,४०,००० बाइट असते आणि जोडलेली फाइल बेस६४ (मेलमध्ये जाणारं अक्षरी रूप) होताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, वर ओळींचे शेवट वेगळे. साडेसातचे सव्वादहा होतात. ऑफिसच्या पोस्टफिक्सवर मर्यादा ५,१२,००,००० केली, तरी मेल उलट परतला, आणि ह्या वेळी नकार व्हीपीएसवरच्या पोस्टफिक्सचा होता. तिथेही तोच आकडा टाकल्यावर मेल गेला.

धागा सुटला म्हणून खूण करतोय. धुळे, चोपडा, मेहरूण, तिघांचे मनापासून आभार.

---

धुळे_टर्मिनल

भाऊ, पोस्टफिक्सची मर्यादा वाढवली तर मेलबॉक्स_साइझ_लिमिट पण बघा. मुळात ती ५,१२,००,००० च असते आणि मेसेजची मर्यादा तिच्यापुढे गेली तर पोस्टफिक्स तक्रार करतं. तुम्ही नेमकं बरोबरीत थांबलात, चालेल. उद्या अजून वाढवायचं झालं तर दोन्ही एकदम वाढवा. मेल डव्हकॉटला एलएमटीपीने (मेल सोपवायची पद्धत) देत असाल तर ही दुसरी मर्यादा लागू होत नाही, पण तक्रार तरीही येऊ शकते.